गोमांसाच्या निर्यात-वाटाघाटी : आकडा आणि व्याख्या

१

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा इतिहास प्रायः आकड्यांच्या आधारे लिहिला गेला आहे. कोणत्या वर्षी कोणत्या देशाने किती टक्के जकात बसविली, किती टनांचा कोटा मान्य केला, तो केव्हा शिथिल केला, या नोंदी सहज उपलब्ध असतात. त्यांचे तक्ते करता येतात आणि तक्त्यांवरून निष्कर्षही काढता येतात. ही पद्धती अयोग्य आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत ती अपुरी पडते, आणि गोमांस व वासराचे मांस यांचा निर्यात-व्यापार हे त्याचे ठळक उदाहरण होय. या व्यापारात जकात उतरत गेली, कोटे वाढत गेले, तरीही दारे अनेकदा बंदच राहिली. ती का बंद राहिली याचे उत्तर जकातीच्या तक्त्यात सापडत नाही. ते करारांतील व अधिसूचनांतील शब्दांत शोधावे लागते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विसाव्या शतकात मांस-व्यापारातील वाटाघाटींचे केंद्र हळूहळू आकड्याकडून व्याख्येकडे सरकले. 'देश' म्हणजे काय, 'उच्च प्रतीचे' मांस कोणते, एखादा निर्बंध शास्त्रीय परीक्षणावर 'आधारलेला' आहे असे केव्हा म्हणावयाचे, जनावराचे 'वय' कशावरून ठरवावयाचे, या प्रश्नांच्या उत्तरांवर कोट्यवधी डॉलरांचा व्यापार आणि असंख्य पशुपालकांची उपजीविका अवलंबून राहिली. अशा व्याख्या कोणी लिहिल्या, कोणी स्वीकारल्या आणि त्यांचा लाभ शेवटी कोणाला झाला, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. आणि त्यात भाषेच्या अभ्यासकालाही थोडा वाटा आहे.

आरंभीच परिभाषेची एक अडचण नोंदविली पाहिजे. मराठीत 'गोमांस' या शब्दाने गाय, बैल, वळू यांचे मांस सूचित होते. म्हैस त्यात येत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या जकातविषयक वर्गीकरणातील ०२०१ व ०२०२ या शीर्षकांत मात्र म्हैसही समाविष्ट आहे. येथे 'गोमांस' हा शब्द, अन्यथा सांगितले नसेल तेथे, मराठीतील रूढ अर्थाने योजला आहे. या अर्थभेदाचे परिणाम किती दूरवर पोचतात ते लेखाच्या अखेरीस पाहावयाचे आहे.

२

ज्याला निव्वळ आकड्यांचा करार म्हणता येईल अशा एका करारापासून आरंभ करणे सोयीचे होईल. १९३२ मध्ये ओटावा येथे भरलेल्या परिषदेत ब्रिटनने साम्राज्यांतर्गत देशांना व्यापारात अग्रक्रम देण्याचे ठरविले. त्यामुळे अर्जेंटिनाच्या मांसाची ब्रिटिश बाजारपेठ धोक्यात आली. अर्जेंटिनाचे उपराष्ट्राध्यक्ष हूलिओ रोका लंडनला गेले आणि ब्रिटिश व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांच्याशी त्यांनी १ मे १९३३ रोजी करार केला. ब्रिटनने अर्जेंटिनाकडून घ्यावयाच्या शीतित गोमांसाचे प्रमाण १९३२ च्या पातळीवर, म्हणजे सुमारे ३,९०,००० टनांवर, राखण्याचे मान्य केले. मोबदल्यात अर्जेंटिनाने ब्रिटिश कोळशासारखा माल जकातीवाचून येऊ देण्याचे आणि ब्रिटिश भांडवलाशी सलोख्याने वागण्याचे वचन दिले. निर्यातीच्या परवान्यांपैकी ८५ टक्के परकीय मांसकंपन्यांकडे राहावेत आणि केवळ १५ टक्के अर्जेंटिनी उपक्रमांना मिळावेत, असेही ठरले.

या कराराची चर्चा सामान्यतः वरील आकड्यांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि त्यातील 'शीतित' हे विशेषण दुर्लक्षिण्याजोगे नाही. गोठविलेले मांस महिनोन्‌महिने टिके. शीतित मांस गोठणबिंदूच्या आसपास ठेवलेले असे आणि काही आठवड्यांतच विकले जाणे आवश्यक असे. त्याची चव व किंमत दोन्ही अधिक होती. दक्षिण अमेरिकेहून ते वेळेत लंडनला पोचे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना अंतरामुळे त्या काळी मुख्यतः गोठविलेल्या मांसावरच भिस्त ठेवावी लागे. अर्जेंटिनाला आपला वाटा राखता आला तो मांसाच्या एका उपवर्गात, आणि त्या उपवर्गाची सीमा तपमानाने आखलेली होती. आकडा विशेषणाला जोडलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कराराची किंमत देशांतर्गत राजकारणात मोजावी लागली. सेनेटर लिसांद्रो दे ला तोर्रे यांनी परकीय मांसकंपन्यांच्या हिशेबांची व करचुकवेगिरीची चौकशी हाती घेतली. एका कंपनीची हिशेबाची कागदपत्रे खारविलेल्या मांसाच्या डब्यांची म्हणून चिठ्ठी लावलेल्या खोक्यांत दडवून जहाजावर चढविलेली सापडली. २३ जुलै १९३५ रोजी याच विषयावरील वादळी चर्चेच्या वेळी सेनेटच्या सभागृहात दे ला तोर्रे यांचे सहकारी एन्सो बोर्दाबेहेरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांत त्यांचा अंत झाला. मांसाची बाजारपेठ हा त्या देशात केवळ जमाखर्चाचा विषय नव्हता, याची साक्ष या घटनेने पटते.

३

ब्रिटनच्या दाराशी अर्जेंटिनाला आकड्याने अडविले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दाराशी एका नामाने अडविले. १९३० च्या अमेरिकन जकात-कायद्याच्या ३०६ व्या कलमान्वये ज्या परदेशात बुळकांडी अथवा लाळ-खुरकत हा रोग अस्तित्वात असेल त्या देशातून जनावरे व ताजे, शीतित किंवा गोठविलेले मांस आणण्यास मनाई झाली. येथे निर्णायक शब्द आहे तो 'देश'. अर्जेंटिनाचा विस्तार सुमारे २७.८ लक्ष चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेकडील पॅटागोनियाचा प्रदेश पंपाच्या गवताळ मैदानांपासून दूर, हवामानाने भिन्न आणि लाळ-खुरकतीपासून मुक्त मानला जात असे. पण कायद्याला पॅटागोनिया दिसत नव्हता. त्याला केवळ अर्जेंटिना दिसत होता. पंपाच्या एखाद्या कुरणात रोग आढळला की तेथून शेकडो मैलांवरील मेंढपाळाचाही माल त्याच नामाखाली अडविला जाई.

हा अन्याय दूर करावा या हेतूने २४ मे १९३५ रोजी उभय देशांत एक आरोग्यविषयक करार झाला. त्याचा गाभा एवढाच होता की, बंदीचे एकक 'देश' न राहता रोगग्रस्त 'प्रदेश' असावे. अमेरिकेतील पशुपालकांच्या संघटनांनी त्याला कडवा विरोध केला आणि सेनेटने त्या कराराला कधीच मंजुरी दिली नाही. १९९७ मध्ये अर्जेंटिनाच्या ताज्या गोमांसाला अमेरिकेचे दार मर्यादित प्रमाणात उघडले. २००१ मध्ये रोगाची साथ पुन्हा उद्भवताच ते बंद झाले.

दरम्यान जागतिक व्यापार संघटनेची स्थापना १९९५ मध्ये होऊन तिच्या आरोग्यविषयक कराराच्या सहाव्या कलमात रोगमुक्त प्रदेशांची संकल्पना मान्य झाली होती. या कलमाचा आधार घेऊन अर्जेंटिनाने अमेरिकेविरुद्ध तक्रार गुदरली. २४ जुलै २०१५ रोजी प्रसृत झालेल्या निवाडा-मंडळाच्या अहवालात अमेरिकेचे निर्बंध करारविरोधी ठरले, आणि त्यातील एक मुद्दा पॅटागोनियाचाच होता. १९३५ चा करार आणि २०१५ चा अहवाल यांत ८० वर्षांचे अंतर आहे. वादाचे मूळ मात्र एका नामाच्या व्याप्तीत होते. पशुवैद्यकाने रोगाचे भूगोलशास्त्र फार पूर्वीच मांडले होते. कायद्याच्या भाषेने ते स्वीकारण्यास लागलेला हा काळ होय.

याच प्रश्नाचे एक प्रतिबिंब इंडोनेशियात पाहावयास मिळते. २००९ च्या तेथील पशुसंवर्धन-कायद्यात आयात 'देशातून अथवा देशातील विभागातून' करता येईल अशी तरतूद होती. २०१० मध्ये घटना-न्यायालयाने 'विभाग' सूचित करणारे शब्द रद्द ठरविले. २०१४ च्या दुरुस्तीने ती संकल्पना परत आणली आणि २०१६ च्या नियमांनंतर भारतातील म्हशीच्या मांसाला त्या बाजारपेठेत प्रवेश मिळाला. दोन-चार शब्द गाळल्याने वा घातल्याने बाजारपेठ कशी मिटते व उघडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळेल.

४

व्याख्या ही नामापुरती मर्यादित नसते. ती संपूर्ण वर्णनवाक्य असू शकते. १९७९ मध्ये समाप्त झालेल्या टोकियो फेरीत युरोपीय आर्थिक समुदायाने 'उच्च प्रतीच्या' गोमांसासाठी सवलतीचे कोटे देऊ केले. व्यापारी जगात या कोट्याला पुढे 'हिल्टन कोटा' हे नाव पडले. परंतु 'उच्च प्रत' म्हणजे काय याविषयी एकमत संभवत नव्हते. अर्जेंटिनाच्या दृष्टीने कुरणात चरून वाढलेल्या जनावराचे मांस उत्तम. अमेरिकेच्या दृष्टीने धान्याच्या खुराकावर पोसलेल्या जनावराचे. अखेर निरनिराळ्या निर्यातदारांसाठी निरनिराळी वर्णने लिहिली गेली. त्यांपैकी १०,००० टनांच्या कोट्याचे वर्णन असे होते : जनावर ३० महिन्यांहून अधिक वयाचे नसावे, त्याला १०० किंवा अधिक दिवस समतोल व ऊर्जायुक्त खुराक मिळालेला असावा, त्या खुराकात किमान ७० टक्के धान्य असावे आणि रोजचा खुराक किमान २० पौंड असावा.

वरवर पाहता हे वर्णन तटस्थ आहे. त्यात कोणत्याही देशाचे नाव नाही. कॅनडातील पशुपालकही धान्यावर जनावरे पोसत असत. त्यांचे मांस या वर्णनात सहज बसले असते. अडचण पुढच्या ओळीत होती. हे वर्णन पूर्ण झाल्याचा दाखला देण्यास अधिकृत अशी एकच संस्था युरोपीय नियमांच्या परिशिष्टात नमूद होती, आणि ती म्हणजे अमेरिकेचे कृषिखाते. शिवाय अमेरिकन प्रतवारीतील वरचे दोन दर्जे मिळालेले मांस आपोआपच पात्र समजले जाणार होते. कॅनडाच्या मांसाला कॅनडाच्याच अधिकाऱ्याने दिलेला दाखला निरुपयोगी ठरला.

कॅनडाने गॅटकडे तक्रार केली. निवाडा-मंडळाचा अहवाल १० मार्च १९८१ रोजी स्वीकारण्यात आला. अशा रचनेमुळे अमेरिकेखेरीज अन्य देशांच्या समान वस्तूला प्रवेश मिळणे अशक्य होते, आणि म्हणून ती सर्वाधिक अनुकूल राष्ट्र या तत्त्वाशी विसंगत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वस्तूचे वर्णन आणि ते वर्णन खरे असल्याचे सांगण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या प्रकरणाने दिला. व्याख्या कितीही निःपक्षपाती असली, तरी तिच्या दाखल्याचा शिक्का एकाच हाती असेल तर ती कुंपणाचे काम करते.

५

येथवरच्या उदाहरणांवरून वाचकाचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की, व्याख्या ही केवळ स्वदेशी उत्पादकांच्या रक्षणासाठी शोधलेली सबब असते. हा ग्रह एकांगी ठरेल, आणि संप्रेरकांच्या वादाचा इतिहास तो दुरुस्त करतो.

१९८० च्या सुमारास इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या बालान्नात डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकाचे अंश सापडले. लोक संतप्त झाले. वासराच्या मांसावर अनेक देशांत ग्राहकांनी बहिष्कार घातला. बालकाच्या तोंडी जाणाऱ्या अन्नाविषयीची ही भीती खरी होती, ती कोणा व्यापारी संघटनेने निर्माण केलेली नव्हती. युरोपीय समुदायाने १९८१ मध्ये पहिले निर्बंध घातले आणि टप्प्याटप्प्याने जनावरांच्या वाढीसाठी संप्रेरके वापरण्यास पूर्ण बंदी केली. १ जानेवारी १९८९ पासून ती आयात मांसालाही लागू झाली. अमेरिकेत संप्रेरकांचा वापर सर्रास व कायदेशीर असल्याने तिची निर्यात अडली. तिने युरोपीय मालावर १०० टक्के प्रतिशोधी जकात बसवून उत्तर दिले.

यापूर्वीच, १९८७ मध्ये, अमेरिकेने तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारान्वये तज्ज्ञांच्या गटाची मागणी केली होती. युरोपीय समुदायाची हरकत लक्षणीय होती : तो करार वस्तूच्या गुणधर्मांविषयी आहे, उत्पादनाच्या पद्धतींना तो लागू नाही. संप्रेरक देणे हा मांसाचा गुण की मांस तयार करण्याची रीत? या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याने तंटा कित्येक वर्षे तसाच पडून राहिला.

जागतिक व्यापार संघटनेपुढे १९९६ मध्ये हे प्रकरण आले तेव्हा शब्दार्थाचा काथ्याकूट अधिकच सूक्ष्म झाला. आरोग्यविषयक करारात काही ठिकाणी निर्बंध आंतरराष्ट्रीय मानकांवर 'आधारलेले' असावेत असे म्हटले आहे, तर अन्यत्र मानकांशी 'अनुरूप' असलेल्या निर्बंधांचा उल्लेख आहे. प्राथमिक निवाडा-मंडळाने १९९७ मध्ये हे दोन्ही शब्दप्रयोग समानार्थी मानले. अपील मंडळाने १६ जानेवारी १९९८ च्या अहवालात ते मत फेटाळले. एकाच करारात दोन भिन्न शब्द वापरले गेले असतील तर तो भेद हेतुपुरस्सर समजला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. 'आधारलेले' या शब्दाचा कोशगत अर्थ पाहून मंडळाने सदस्य-देशांना मानकांहून अधिक कडक संरक्षण निवडण्याची मुभा आहे असे ठरविले. त्याचप्रमाणे धोक्याचे 'परीक्षण' आणि धोक्याचे 'नियोजन' असा जो भेद प्राथमिक मंडळाने केला होता, त्यालाही करारात आधार नाही असे सांगितले. कारण दुसरा शब्द करारात आलेलाच नव्हता.

एवढे होऊनही निकाल युरोपच्या विरुद्ध गेला, कारण त्याची बंदी पुरेशा धोका-परीक्षणावर आधारलेली नाही असे मंडळाला आढळले. युरोपने बंदी उठविली नाही. जुलै १९९९ मध्ये लवादाने अमेरिकेला वार्षिक ११ कोटी ६८ लक्ष डॉलरपर्यंत आणि कॅनडाला १ कोटी १३ लक्ष कॅनेडियन डॉलरपर्यंत सवलती स्थगित करण्याची परवानगी दिली. अमेरिकेने निवडलेल्या वस्तूंत फ्रान्सचे रॉकफोर चीज होते. त्याच्या उत्पादकांचा मांसाशी काहीही संबंध नव्हता. ऑगस्ट १९९९ मध्ये मियो या गावी जोझे बोव्हे व त्यांच्या साथीदार शेतकऱ्यांनी मॅकडोनाल्डच्या बांधकामाधीन उपाहारगृहाची मोडतोड केली, तिची पार्श्वभूमी ही होती.

तडजोड झाली ती २००९ मध्ये. युरोपने संप्रेरकविरहित उच्च प्रतीच्या गोमांसासाठी जकातमुक्त कोटा देऊ केला आणि तो टप्प्याने ४५,००० टनांपर्यंत वाढविला. पुन्हा एक व्याख्या लिहिली गेली : ३० महिन्यांहून कमी वय, कत्तलीपूर्वी किमान १०० दिवस खुराक, आणि त्यात शुष्क वजनाच्या किमान ६२ टक्के सांद्र खाद्य. अमेरिकेतील खुराकगृहांची पद्धत नजरेसमोर ठेवून केलेली ही व्याख्या होती. पण कोटा सर्व देशांना खुला असल्याने ऑस्ट्रेलिया, उरुग्वे, अर्जेंटिना येथील उत्पादकांनी आपली जनावरे त्या मापात बसविली आणि अमेरिकेचा वाटा घटत गेला. शेवटी २०१९ च्या करारान्वये ४५,००० पैकी ३५,००० टन सात वर्षांत क्रमाने अमेरिकेच्या नावे राखून ठेवण्याचे ठरले, आणि १ जानेवारी २०२० पासून ही व्यवस्था अमलात आली.

या शेवटच्या टप्प्याचे महत्त्व विशेष आहे. १९७९ मध्ये व्याख्येने अमेरिकेला अनुकूलता दिली होती, कारण दाखल्याचा अधिकार तिच्याकडे होता. २००९ मध्ये तो अधिकार सर्वांकडे होता, आणि एकदा प्रसिद्ध झालेली व्याख्या ही सार्वजनिक मालमत्ता ठरली. जो तिच्यात बसेल तो तिचा धनी. म्हणूनच अमेरिकेला पुन्हा आकड्याचा आश्रय करावा लागला. आकडा वाटून घेता येतो, कोणाच्या तरी नावावर करता येतो; शब्द तसा वाटून घेता येत नाही.

६

व्याख्येचे शब्द तेच राहून त्यांची व्याप्ती दोन देशांत वेगळी असली म्हणजे काय होते, ते जपान व दक्षिण कोरिया यांच्या उदाहरणांत दिसते. जपानने १९८८ च्या करारान्वये गोमांसाचे कोटे रद्द करण्याचे मान्य केले. १९९१ पासून कोट्यांच्या जागी ७० टक्के जकात आली. ती पुढील दोन वर्षांत ६० व ५० टक्क्यांवर आणि २००० पर्यंत ३८.५ टक्क्यांवर उतरली. आकड्यांची लढाई अमेरिकेने जिंकली होती. परंतु २३ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टन राज्यात 'मॅड काऊ' या नावाने परिचित असलेल्या मेंदूरोगाचे एक जनावर आढळल्याचे जाहीर झाले आणि जपानचे दार एकाएकी बंद झाले.

दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर २० महिने वा त्याहून कमी वयाच्या जनावरांचे मांस स्वीकारण्यास जपान राजी झाला. पण वय कशावरून ठरवावयाचे? जपानमध्ये प्रत्येक जनावराच्या जन्माची नोंद होती. अमेरिकेत बहुसंख्य जनावरांची तशी नोंद नव्हती. तेव्हा जन्मनोंद नसेल तर अस्थी व कूर्चा यांच्या पक्वतेवरून वय अनुमानावे असे ठरले. म्हणजे 'वय' या साध्या शब्दालाही दोन अर्थ मिळाले : एक नोंदवहीतील, दुसरा हाडांतील.

डिसेंबर २००५ मध्ये आयात पुन्हा सुरू झाली आणि २० जानेवारी २००६ रोजी जपानच्या विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या वासराच्या मांसात पाठीच्या कण्याचे मणके सापडले. जपानने आयात तत्काळ थांबविली. अमेरिकेच्या देशांतर्गत नियमानुसार मणके हे धोक्याचे अवयव ठरत ते केवळ ३० महिन्यांवरील जनावरांचे. कोवळ्या वासराचे मणके तेथे निषिद्ध नव्हते. जपानसाठी ते कोणत्याही वयाच्या जनावराचे असले तरी निषिद्ध होते, आणि निर्यात-कराराने अमेरिकेने ते काढून टाकण्याचे मान्यही केले होते. 'धोक्याचे अवयव' हा शब्दप्रयोग उभय देशांना परिचित होता, परंतु त्याच्या कक्षेत काय येते याची दोन उत्तरे होती आणि मांसाच्या कारखान्यात घरचे उत्तर वापरले गेले. एका लहानशा खेपेमुळे सर्व निर्यातदारांना जुलै २००६ पर्यंत थांबावे लागले. पुढे वयाची मर्यादा २०१३ मध्ये ३० महिन्यांपर्यंत वाढली आणि मे २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

कोरियात प्रश्न भाषांतराचा निघाला. अमेरिकेने पशुखाद्यावरील बंदी अधिक कडक करणारा नियम प्रसिद्ध करावा आणि त्यानंतर ३० महिन्यांवरील जनावरांचे मांसही कोरियाने स्वीकारावे, असा १८ एप्रिल २००८ चा समझोता होता. २५ एप्रिलला नियम प्रसिद्ध झाला. मानवी आहारासाठी तपासणीत उत्तीर्ण न झालेल्या जनावराचे शरीर पशुखाद्यात वापरू नये, मात्र जनावर ३० महिन्यांहून लहान असेल अथवा त्याचा मेंदू व मज्जारज्जू काढलेला असेल तर ही मनाई नाही, असा त्याचा आशय होता. कोरियन शासनाने आपल्या जनतेला तो उलट सांगितला : जनावर ३० महिन्यांहून लहान असले तरीही मनाई आहे. अपवाद दाखविणारे पद अपवाद नाकारणारे म्हणून भाषांतरित झाले होते. मराठीत सांगावयाचे तर 'नसेल तर' याच्या जागी 'असले तरी' आले. मे महिन्यात ही चूक उघडकीस आली व शासनाला ती मान्य करावी लागली.

सोलच्या रस्त्यांवर मेणबत्त्या घेऊन जमलेल्या लोकांच्या आंदोलनाची कारणे अनेक होती. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने भीती वाढविली होती, आणि त्या कार्यक्रमातील भाषांतरावरही पुढे आक्षेप आले. तथापि ज्यांनी मूळ मजकूर वाचून लोकांना समजावून सांगावयाचा तेच तो चुकीचा वाचतात, हे कळल्यावर विश्वासाचा पाया खचला. १० जून २००८ च्या विराट मेळाव्यानंतर जूनअखेरीस ३० महिन्यांखालील जनावरांचेच मांस पाठविण्याची 'संक्रमणकालीन' व्यवस्था झाली. हे विशेषणही पाहण्यासारखे आहे. कारण हे संक्रमण एका दशकाहून अधिक काळ चालू राहिले. २०१२ मध्ये अमलात आलेल्या मुक्त व्यापार-कराराने ४० टक्के जकात १५ वर्षांत क्रमाने शून्यावर आणण्याचे ठरविले होते. आकडा ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे उतरत गेला. शब्द जागचा हलला नाही.

७

आता आरंभी नोंदविलेल्या अर्थभेदाकडे वळता येईल. भारताच्या निर्यात-धोरणान्वये गाय, बैल व वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीस मनाई आहे. म्हशीचे हाडविरहित मांस निर्यात करता येते, आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातील न्हावा-शेवा बंदरातून जातो. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणिरक्षण अधिनियमात २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने गायीबरोबर वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली, परंतु म्हैस तिच्या कक्षेबाहेर राहिली. देशांतर्गत कायदा म्हणून येथे दोन भिन्न वर्ग मानतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण एकच वर्ग मानते. परिणामी अमेरिकन कृषिखात्याच्या 'गोमांस व वासराचे मांस' या तक्त्यात भारतातील म्हशीच्या मांसाची गणना होते, आणि २०१४ च्या सुमारास त्या तक्त्यात भारत जगातील अग्रगण्य निर्यातदार म्हणून झळकला. त्या मथळ्याचे मराठी वर्तमानपत्रांत 'गोमांस' असे शब्दशः भाषांतर केले की, जे भारतातून कायद्याने जाऊच शकत नाही त्याचाच तो सर्वांत मोठा निर्यातदार, असा चमत्कारिक अर्थ निघतो. तक्ता चुकीचा नाही आणि कायदाही नाही. दोन वर्गीकरणांमधील सांधा भाषांतरकाराने न पाहिल्याचा हा परिणाम आहे.

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात असे वाटते. पहिली अशी की, जकात व कोटे उतरले म्हणजे बाजारपेठ उघडली, असे समजणे इतिहासलेखनात धोक्याचे आहे. अडथळ्याने तोवर रूप पालटलेले असते. दुसरी अशी की, व्याख्या ही सर्वस्वी सबब नव्हे आणि सर्वस्वी शास्त्रही नव्हे. बालान्नातील संप्रेरकाची भीती, मेंदूरोगाची भीती आणि स्पर्धेची भीती एकाच वाक्यात एकत्र येतात, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक प्रकरणात पुराव्यानेच ठरवावे लागते. तिसरी गोष्ट अशी की, व्याख्येची मालकी आणि तिच्या दाखल्याची मालकी यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. कॅनडाला १९७९ मध्ये दाखल्याने अडविले. अमेरिकेला २००९ नंतर दाखल्याची मक्तेदारी नसणे महाग पडले.

ज्या देशांपाशी वैज्ञानिक संस्था, कायदेपंडित आणि भाषांतरकार यांचे मोठे बळ आहे त्यांना या शब्दयुद्धात टिकता येते. लहान निर्यातदाराला तयार व्याख्या हाती मिळते आणि आपली कुरणे, आपला खुराक व आपली जनावरे तिच्या मापाने बदलावी लागतात. पॅटागोनियातील मेंढपाळाच्या तीन पिढ्या एका नामाची व्याप्ती बदलण्याची वाट पाहत होत्या. त्यांच्या प्रतीक्षेची नोंद निर्यातीच्या तक्त्यात मिळत नाही, कारण जो माल गेलाच नाही त्याचा आकडा कोणी लिहीत नाही. आपल्या विद्यापीठांतून व्यापाराच्या इतिहासाचे अध्ययन करणाऱ्यांनी करारांचे मूळ मजकूर, त्यांची परिशिष्टे आणि त्यांची विविध भाषांतील भाषांतरे शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घेतली, तर या न लिहिलेल्या आकड्यांचा काही मागोवा लागू शकेल.